अकरा जणांचं एक मरण

स्टुडिओत त्याला सगळे मरणकर म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते ओळखपत्रापुरतं. परदेशी सिनेमे आपल्या भाषेत करताना नायकासाठी भारदस्त आवाजाचे लोक मिळत, खलनायकासाठीही मिळत. पण दारातून आत येऊन दोन सेकंदांत गोळी खाणाऱ्यांना कोण वाली? त्यांच्यासाठी मरणकर. गेली सहा वर्षं तो इमानेइतबारे मरत होता. बुडून, भाजून, कड्यावरून पडून. घरी आला की वहिनींना सांगायचा, "आज तेवीस वेळा मेलो, चहा टाका."

नव्या सिनेमात तर मरणाची नुसती चंगळ होती. घोडे, रुंद टोप्या, पिस्तुलं, उजाड माळ, आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी खोगिरावरून खाली. सकाळपासून वीसेक जण मारून झाल्यावर काचेपलीकडून डबिंगच्या बाई म्हणाल्या, "पोकळ वाटतंय रे. आता विहिरीपाशी पडलेला म्हातारा आहे. जरा पोटातून येऊ दे."

घसा सोलून निघाला होता, डोकं रिकामं झालं होतं. त्या रिकाम्या डोक्यात त्याचा भाऊ येऊन पडला.

"अगंऽ... अगं एऽ..."

वर चढत गेलेली आणि अर्ध्यातच खचलेली हाक. बाईंनी हेडफोन काढला. "हेच! हेच पाहिजे होतं मला. जा आता, आराम कर, उरलेलं आम्ही बघतो."

त्याने तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, की हे नको, पुसून टाका. म्हणाला नाही. उलट शाबासकीने फुलून गेला, आणि घरी जाताना स्वतःचीच किळस येऊन दोन स्टॉप आधी उतरून चालत राहिला.

आठ वर्षांपूर्वी दोघं भाऊ एकाच छापखान्यात कामाला होते. कागदाची रिमं वर चढवायची लिफ्ट दोर तुटून खाली आली आणि भाऊ तिच्याखाली कमरेपर्यंत सापडला. ती उचलेपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात भाऊ फक्त बायकोला हाका मारत होता. त्याने तिचं नाव कधी घेतलं नाही. जिना चढतानाच "अगंऽ" म्हणायचा आणि वहिनी हातातलं टाकून दाराकडे वळायच्या. तशाच हाका. मरणकर त्याचा हात धरून बसला होता. घरी येऊन त्याने सांगितलं, "वहिनी, त्याला काही कळलंसुद्धा नाही. एका क्षणात गेला."

त्या एका वाक्याच्या आधाराने वहिनींनी आठ वर्षं काढली. कोणी हळहळलं की त्याच समजूत घालायच्या, "भावजी होते ना जवळ. काही कळलं नाही म्हणे ह्यांना."

सिनेमा लागला तशी दुपारच्या खेळाची तिकिटं वहिनींनीच काढली. आमच्या भावजींचा आवाज आहे, असं शेजारीपाजारी सांगूनही झालं होतं. मरणकरने आधी टाळाटाळ केली, मग मनाची समजूत घातली: एकच म्हातारा, तोही लांब, वर वाऱ्याचा आवाज. नाही कळायचं.

विसाव्या मिनिटाला छपरावरून एक दरोडेखोर कोसळला. "अगंऽ... अगं एऽ..."

थिएटर फिस्सकन हसलं. थोड्या वेळाने एक शिपाई पडला, तोही तसाच ओरडून. मग दारूच्या गुत्त्याचा मालक. म्हातारा तर अजून आलाच नव्हता. साउंडवाल्याने वेळ वाचवला होता. एक हाक झकास जमली म्हटल्यावर उचलून दिसेल त्या मढ्याच्या तोंडी चिकटवली होती. चौथ्या वेळी मागच्या रांगेतल्या पोरांनी सूर मिळवला. शेजारी वहिनींनी वारा घ्यायला धरलेला रुमाल हलायचा थांबला होता. तिकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

मध्यंतरात सगळे बाहेर आले. एक काका कॉफीवाल्यालाच धारेवर धरत होते. "हा काय सिनेमा आहे? खाटीकखाना आहे नुसता!" कॉफीवाल्याने मान डोलावून कप पुढे केला. एक बाई रडणाऱ्या मुलीला छातीशी धरून नवऱ्याला म्हणत होती, "तुम्ही बसा बघत, आम्ही चाललो." दोन कॉलेजकुमार म्हणत होते, "कडक आहे राव! एकेकाला कसला आडवा करतो!" आणि सगळ्यांच्या तोंडी ती हाक होती. कोणी जिन्यावर, कोणी रांगेत, पोट धरून "अगं एऽ."

वहिनी पोस्टरपाशी उभ्या होत्या.

"ह्यांची आहे ना ती?"

"वहिनी, कामात... तोंडातून निघून गेलं."

"किती वेळ?"

"काय किती वेळ?"

"किती वेळ हाका मारत होते?"

खोटं अजूनही बोलता आलं असतं. पण सहा वर्षं मरून मरून कमावलेला आवाज नेमका तेव्हा दगा देऊन गेला. "अर्धा तास," तो पुटपुटला.

वहिनी रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मला म्हणालात, काही कळलं नाही. आठ वर्षं मी तेच जगाला सांगत फिरले. आणि खरं काय ते आधी ह्या लोकांना ऐकवलंत."

"तुम्हाला त्रास नको म्हणून—"

"मला मारलेली हाक होती ती, भावजी. मला! माझ्यापर्यंत आणून पोचवायची होती. तुमच्याकडे ठेवायला दिली होती का?"

घंटा झाली. "घरी जाऊ या," तो म्हणाला.

"अजून आहेत?"

"असतील."

"मग बसते मी."

आणि बसल्या, शेवटपर्यंत, ताठ. आणखी सात जण मेले. सगळ्यात मोठा हशा विहिरीपाशी पडलेल्या म्हाताऱ्याला मिळाला. एव्हाना अख्खं थिएटर म्हणायला शिकलं होतं. वहिनी दर वेळी फक्त मान जरा पुढे करत, लांबचं ऐकू यावं म्हणून माणूस करतो तशी.

सुटल्यावर त्या त्याच्यासाठी थांबल्या नाहीत. तो गर्दीतून वाट काढत त्यांच्या मागे निघाला. पायऱ्यांवर लोकांची तीच चर्चा चालू होती, फालतू की झकास. कठड्याला टेकलेल्या एका पोराने मित्राला बोटांचं पिस्तूल लावलं. मित्राने छाती धरली आणि जमेल तेवढं लांबवून ओरडला,

"अगंऽ... अगं एऽ..."

पोरं खिदळली. खाली रस्त्यापर्यंत पोचलेल्या वहिनी चालता चालता थांबल्या, आणि वळून बघू लागल्या.