तालाकाठचं निर्माल्य

लोखंडी पेटी कुठे बसणार ते महापालिकेच्या निरीक्षकांनी खडूने आखून टाकलं, तेव्हा चारुता गॅलरीत ऋताची वेणी घालत होती. तालाकडे, म्हणजे मोठ्या तळ्याकडे, उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी, बालवाडीच्या फाटकापासून जेमतेम चार पावलांवर, पांढरा चौकोन. वेणी अर्धी टाकून ती तशीच जिना उतरली. हरतालिकेचा उपास, सकाळपासून पोटात नुसतं दूध, आणि पायऱ्या मात्र दोन-दोन.

"भाईसाहब, इथे काय येणार?"

"डंपर वाली पेटी, बहनजी. सारे मोहल्ले का कूड़ा यहीं जमा होगा."

"पण समोर बालवाडी आहे! बच्चे आते हैं यहाँ!"

"तो कूड़ा भी तो यहीं आता है." निरीक्षकांनी टेप गुंडाळत कोपऱ्याकडे हनुवटी उडवली.

खोटं नव्हतंच ते. कोपऱ्यावर, तालाच्या काठाला ठोकलेल्या तारेच्या जाळीपाशी, फाटलेल्या पिशव्यांचा ढीग होता आणि त्यात पाच-सात कुत्री तोंड घालून उभी होती. श्रावणात त्यातल्याच एकाने ऋताच्या फ्रॉकला धरून ओढलं होतं. दात लागला नव्हता. तरी चारुताने इंजेक्शनांचा सगळा कोर्स करवला. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. ही म्हणाली, तरी द्या. तेव्हापासून लेकीला बालवाडीत सोडायचं म्हणजे एका हाताने तिला कडेवर घ्यायचं आणि दुसऱ्या हातात छत्री, पाऊस असो नसो. आता तिथे अख्ख्या मोहल्ल्याची घाण आली तर बालवाडी बंदच पडायची. भानुमती बहनजी, बालवाडी चालवणाऱ्या, फाटकात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेच लिहिलेलं होतं.

"इथे कचरा पडलाच नाही तर?" चारुताने विचारलं.

निरीक्षक हसले. वाईट माणूस नव्हता, पण अशी वाक्यं त्याने पुष्कळ ऐकली होती. "आप मराठी लोगों की गौरी कब उठती है?"

"पुढच्या मंगळवारी."

"बुधवार को सुबह आऊँगा. हर साल उसी दिन सबसे ऊँचा ढेर मिलता है. एक पन्नी भी दिखी, तो पेटी उसी वक़्त उतरेगी. नहीं दिखी, तो गाड़ी वापस."

आठ दिवस. चारुताने मान डोलावली आणि मग घरी जाऊन घाबरली.

दुसऱ्या दिवशी गणपती. घरात मोदकांची घाई, आणि सूनबाई गॅलरीत! सासूबाई, कमलिनीबाई, आतून दोनदा ओरडल्या. पण चारुताने डोळे गल्लीवरून हटवले नाहीत. गाणं वाजवत कूडागाडी आली. घराघरांतून बादल्या उतरल्या, ओलं वेगळं, सुकं वेगळं. कोणी काही चुकवलं नाही. गाडीवरच्या सुनीताला तिने वरूनच विचारलं.

"हमको तो सब देते हैं, भाभी," सुनीता म्हणाली. "वो कोने वाला हमारा नहीं है. पता नहीं किसका है. उठाते हमीं हैं."

गाडी गेली, चारुता मोदकांच्या पाऱ्या करायला आत वळली, आणि तासाभराने पाहते तो कोपऱ्यावर नवा ढीग!

तेव्हा मात्र तिने रबरी हातमोजे चढवले, नाकाला ओढणी बांधली आणि खाली गेली. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली मुलगी, ग्वाल्हेरच्या कॉलेजात तिने चिखलातून शेवाळ उपसून मोजलं होतं. सुनीताला बोलावून घेतलं. दोघींनी काठीने कुत्री हाकलली आणि एकेक पिशवी सोडायला घेतली. पहिलीत झेंडू, दुर्वा, जळक्या वाती. दुसरीत जास्वंद, नारळाची शेंडी, नैवेद्याचा सुकलेला शिरा. तिसरीत बेलाची पानं, लाल सूत. चौथी, पाचवी... बटाट्याचं एक साल नाही, दुधाची एक पिशवी नाही.

"अरे, ये तो सब पूजा का है," सुनीता पुटपुटली.

सातवी पिशवी सोडली आणि चारुताचे हात थबकले. आत हरतालिकेची पत्री आणि ओल्या वाळूची पिंड, विस्कटलेली. त्या पिंडीवर गुलाबी बटण. काल ऋताने हट्टाने लावलं होतं ते, "देवाला टिकली" म्हणून. ही पिशवी चारुतानेच बांधली होती. गाठसुद्धा तिची.

ती तशीच घरात शिरली, हातमोज्यांसकट. "आई, आपलं निर्माल्य कुठे जातं?"

"म्हणजे काय? तुझा मंदार नेतो ना ऑफिसला जाताना. तालावर."

"तालावर कुठे?"

"पूर्वी पाण्यात सोडायचो. आता ती मेली जाळी ठोकलीये, तर जाळीपाशी ठेवतो नीट. बांधून. अगं, सगळेच ठेवतात!"

"मग कचऱ्याच्या गाडीत का नाही देत?"

कमलिनीबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू सुनेने गणपतीला चप्पल घालायला सांगितलं. "त्या गाडीत पोरांचे लंगोट असतात, चारू! देवाची फुलं काय त्यात घालायची?"

चारुताने हातमोजे उतरवले. चार वर्षं ती स्वतः रोज निर्माल्याची पिशवी बांधून दाराशी ठेवत होती, आणि ती पुढे कुठे जाते हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. कोपऱ्यावरचा कचरा कोण करतं म्हणून ती महिनाभर गल्लीभर संशयाने बघत होती. सगळ्यांवर नजर, फक्त आपल्या दारावर नाही. कचरा कोणीच करत नव्हतं. सगळे भक्तीच करत होते.

संध्याकाळी आरतीनंतर ती गोपाळरावांकडे गेली. तारघरातून निवृत्त झालेले गोपाळराव म्हणजे गल्लीचं पंचांग. कोणती पूजा कधी, कोणाला सुतक किती, सगळं त्यांना विचारायचं. ते सांगतील तीच रीत. आरतीला जमलेल्या पंधरा-वीस बायका अजून प्रसाद घेत रेंगाळल्या होत्या. चारुताने एका दमात सगळं सांगितलं: चौकोन, बुधवार, पिशव्या.

"आम्ही टाकत नाही, ठेवतो," गोपाळराव म्हणाले.

"काका, निर्माल्य पाण्यातच का सोडायचं?"

"कारण त्यावर कोणाचा पाय पडता कामा नये. एवढं शिकलीस आणि हे माहीत नाही?"

"मग चला. दोन मिनिटं. माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत."

"आत्ता? सोवळ्यात?"

"सोवळ्यातच चला."

बायकांत खुसखुस झाली. "जा ना हो काका, एवढी बोलावतेय तर!" कोणीतरी मागून म्हणालं. गोपाळराव धोतर सावरत निघाले, मागे सगळी गल्ली. कोपऱ्यावर दिव्याचा लख्ख उजेड होता. दोन कुत्री एका जुडीवरून ओढाताण करत होती. एकवीस दुर्वांची जुडी, निळ्या दोऱ्याने बांधलेली. निळा दोरा गल्लीत एकाच घरी वापरत. ढिगाऱ्यावरून एक रिक्षा गेली आणि गोपाळरावांच्या देव्हाऱ्यातल्या गणपतीवरचा कालचा हार चाकाला गुंडाळून पुढे निघून गेला.

म्हातारा निळ्या दोऱ्याकडे वाकला. मग चारुताकडे न बघता म्हणाला, "पाणी नाही तर माती. खड्डा कुठे खणायचा म्हणतेस?"

चारुताने अजून खड्ड्याचं म्हटलंच नव्हतं! पण डोक्यात होतं, आणि त्याने ते ओळखलं. बालवाडीच्या मागच्या भिंतीलगत कण्हेरीखाली मोकळी जागा होती. भानुमती बहनजी आधी कानावर हात ठेवायला लागल्या. "बच्चों के पास गड्ढा? न बाबा." तेव्हा चारुतालाच हसू आलं, कारण हीच भीती तिने दुपारभर स्वतः चघळली होती. कमरेइतकाच खोल खणू, वरून जुन्या कूलरची जाळी कुलूप लावून बसवू, किल्ली तुमच्याकडे. आत फक्त फूल आणि पान. सूत, जरी, थर्माकोल, प्लास्टिकची पन्नी गाडीत. नैवेद्याचं अन्न ओल्या बादलीत. वर रोज मूठभर माती. वास आला तर मी स्वतः उपसेन.

"आणि दारोदारचं निर्माल्य इथवर आणणार कोण?" एका बाईने विचारलं.

"हम ले आएँगे," मागून सुनीता म्हणाली. तीही गर्दीत आली होती. "गाडी से अलग. धुली हुई टोकरी में."

कोणी पदर सारखा केला, कोणी प्रसादाच्या वाटीत बघितलं. कोणी नाही म्हटलं नाही आणि कोणी हो म्हटलं नाही. चारुताने सासूबाईंकडे पाहिलं. इथे आपण बोललो तर सून बोलली होईल, आणि नाही बोललो तर सगळं इथेच संपेल.

बोलल्या त्या कमलिनीबाई.

"का गं बायांनो, गप्प का? देवाची फुलं ती रोज रस्त्यावरून उचलतेच आहे. तुमच्यापैकी कोणी उचललीत? मी तर नाही उचलली." आणि सुनीताकडे वळून, मोडक्या हिंदीत, "बेटा, पहले हमारे घर आना. सवेरे. दरवाज़े पे नहीं, अंदर देवघर तक."

पुढचे दिवस चारुताला वेगळे आठवत नाहीत, सगळे एकात एक मिसळले. मंदारने खड्डा खणला आणि दोन दिवस पाठ धरून बसला. गोपाळरावांनी दारोदार जाऊन नवी रीत सांगितली, आणि ती इतक्या ठणठणीत आवाजात की ती जुनीच असावी असं लोकांना वाटू लागलं. सुनीता टोपली घेऊन यायची. पहिल्या दिवशी नऊ घरं, मग चौदा, मग सगळी. एका घरी सूत काढायला विसरले तर सुनीताने टोपली मागे घेतली. "पहले धागा निकालो, अम्मा. मिट्टी धागा नहीं खाती." त्या अम्मांनी चष्मा शोधला आणि मुकाट्याने धागा काढत बसल्या. चारुता मात्र रोज जाळी उघडून वास घेऊन बघायची, सकाळ-संध्याकाळ. ओल्या मातीचा आणि कोमेजल्या झेंडूचा वास. दुसरा काही नाही. तरी तिला खात्री वाटेना.

मंगळवारी दुपारी गौरी उठल्या. सोळा पत्री, फुलोरा, केवडा, हार. घरटी एक टोपली भरली. खड्डा काठोकाठ आला. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि दिवेलागणीला एक स्कूटर येऊन कोपऱ्यावर थांबली. अनोळखी माणूस, प्रेमनगरहून आलेला, मागे बायको, मांडीवर दोन फुगलेल्या पिशव्या. उतरून तो सरळ तालाच्या जाळीकडे निघाला.

चारुता धावली. "भैया, रुकिए! यहाँ नहीं."

"हम हर साल यहीं रखते हैं."

"इस साल नहीं."

"आपका ताल है क्या?"

एरवी अशा प्रश्नावर ती वरमून मागे सरली असती. आयुष्यात कधी कोणाशी रस्त्यावर भांडलेली नव्हती. पण तिच्या तोंडून निघालं, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं, "हाँ, मेरा है! और आपका भी है! पाँच मिनट बैठिए, अलग करके देती हूँ."

तीच पायरीवर बसली, मांडीत पिशवी घेऊन. त्या माणसाची बायको क्षणभर उभी राहिली, मग शेजारी बसून तीही सूत सोडवू लागली. "मुझे भी अच्छा नहीं लगता था यहाँ छोड़ना," ती हळूच म्हणाली. "पर और कहाँ ले जाते?"

बुधवारी सकाळी ट्रक आला, पाठीवर ती राक्षसी लोखंडी पेटी घेऊन. गल्ली फाटकापाशी जमली. निरीक्षक उतरले, कोपऱ्याकडे गेले आणि थांबले. झाडलेली जमीन, पुसट झालेला खडूचा चौकोन. त्यांनी नालीत वाकून पाहिलं. जाळीच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेले. बालवाडीमागची जाळी उघडायला लावली, मूठभर पाला उचलून हुंगला.

मग परत येताना त्यांनी बोट दाखवलं. जाळीच्या पलीकडे, पाण्याला लागून, एक पन्नी अडकलेली होती. "वो क्या है?"

गोपाळराव तोंड उघडणार तोच सुनीताने आकडा घालून ती पन्नी अलीकडे ओढली आणि निरीक्षकांच्या बुटांसमोर टाकली. हिरव्या शेवाळाचा बोटभर थर. "काई देखिए, साहब. दो बरसात पुरानी है. कल की होती तो हम नहीं जानते?"

चारुता पुढे झाली. ती म्हणाली, "इतकं शेवाळ आठ दिवसांत धरत नाही. मैंने यही पढ़ा है, सर. चाहें तो लिखकर दे दूँ."

निरीक्षकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सुनीताकडे, आणि खो-खो हसत सुटले. ड्रायव्हरकडे वळून हात हलवला. "वापस लो!"

ट्रक मागे सरायला लागला तशी बायकांनी जो गलका केला तो तालाच्या पलीकडच्या काठावर ऐकू गेला असेल. भानुमती बहनजींनी फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली आणि सगळी पोरं कोपऱ्यावर धावली. त्यात ऋता सगळ्यांत पुढे, त्या पांढऱ्या चौकोनात उड्या मारत. कमलिनीबाईंनी सुनीताच्या तोंडात करंजी कोंबली, स्वतःच्या हाताने.

निरीक्षक वही मिटत चारुताजवळ आले. "शनिवार को अनंत चौदस है. बड़े घाट पर पूरे शहर की मूर्तियाँ आएँगी, साथ में फूलों के पहाड़. वहाँ आके लोगों को समझाएँगी?"

चारुताने एकदा उड्या मारणाऱ्या लेकीकडे पाहिलं. "येईन," ती म्हणाली. "लेकिन सुनीता दीदी को भी बुलाइए. और उनके नाम से बुलाइए, मेरे नाम से नहीं."

"आणि टोपल्या किती लागतील ते आत्ताच सांगा," गोपाळराव मागून गरजले, "मला तयारी करायची आहे!"