खोऱ्याबाहेर गेलेलं आडनाव

साऱ्या इंग्लंडात स्किरहोप हे आडनाव एकाच खोऱ्यात होतं. उत्तरेला, स्कॉटलंडच्या सीमेला पाठ लावून बसलेलं ते आंधळं खोरं. आत यायला एक वाट आणि बाहेर पडायलाही तीच. चौदा घरं, चौदाही स्किरहोपांची. बाजारात कुणी 'ए स्किरहोप!' अशी हाक मारली की एकदम दहा माना वळायच्या. म्हणून माणसं टोपणनावांनीच ओळखली जायची. एकाचं नाक मारामारीत गेलं होतं, तो नकट्या आर्ची. एक जण बोलायला लागला की थांबायचा नाही, त्याला सगळे मुका विल म्हणत.

सिब जन्मानं स्किरहोप, आणि दिली तीही चुलतघरच्या बार्टीला. त्यामुळे सासरी येऊनही तिचं नाव तेच राहिलं. "बापानं मला दिली कुठं? भिंतीपलीकडं सरकवली," असं ती म्हणायची.

नाव आलं होतं ओढ्यावरून. जुन्या बोलीत स्किर म्हणजे नितळ, आणि होप म्हणजे असलं आंधळं खोरं. पण बार्टीला हे मिळमिळीत वाटायचं. दोन घोट पोटात गेले की तो सांगायचा, "आपला मूळपुरुष कुठंतरी मुडदा पाडून इथं लपला. पाद्र्यानं नाव विचारलं, तर त्यानं ओढ्याकडं बोट दाखवलं. खरं नाव सांगितलं असतं, तर आपण कुणीच जन्मलो नसतो!"

म्हातारी राणी मेली त्या आठवड्यात सीमेवर कुणाचा कुणाला पायपोस राहिला नाही. राणी नाही म्हणजे कायदा नाही, असं सगळ्यांनीच धरून चाललं. बार्टी, नकट्या आर्ची आणि आणखी वीस जण पलीकडच्या हार्डरिगांच्या गावावर तुटून पडले. गुरं आणली, दोन गंज्या जाळल्या. सिम हार्डरिग दारात कुऱ्हाड घेऊन आडवा आला, त्याला बार्टीनं भाल्यानं त्याच्याच दाराच्या फळीला खिळला. परत आल्यावर त्या रात्रीचं जेवण सिबनंच वाढलं. सिमच्या बायकोचा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. असलं दोन-तीनशे वर्षं चालत आलं होतं. आज आपण, उद्या ते.

पण नवा राजा स्कॉटलंडचाच निघाला. सीमेच्या दोन्ही अंगांना एकच धनी झाला. काल जिला मर्दुमकी म्हणत, ती आज बंडाळी ठरली. मे महिन्यात राजाचा अंमलदार ऑझवल्ड पेल खोऱ्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. बरोबर ऐंशी घोडेस्वार, त्यातले निम्मे हार्डरिग. त्यांच्या पुढे सिमचा थोरला भाऊ निनियन.

सकाळची वेळ होती. सिब चुलीवर ओटची पेज ढवळत होती. सून मॅली सहा महिन्यांची पोटुशी, ती भाकऱ्या थापत होती. मुलगा गॉवेन वीस वर्षांचा, खाली गुरांना चारा टाकत होता. त्या मुलखातली घरं अशीच: खाली गुरं, वर माणसं, मध्ये शिडी, आणि भिंती हातभर जाड.

"घोडे!" गॉवेन खालून ओरडला. "आई, वाट भरून घोडे आलेत!"

शेजारून धावत आलेल्या आर्चीला आत घेऊन बार्टीनं खालचं दार लावलं आणि अडसर घातला. गॉवेन आणि आर्ची वर चढले, मागून बार्टी. शिडी वर ओढून घेतली. खिडकी कसली, वीतभर फट. तिच्यातून सिबनं पाहिलं. ओढ्याकाठच्या चार घरांतून एव्हाना धूर निघत होता. मुका विल अंगणात पडला होता आणि एक स्वार त्याच्या अंगावरून घोडा मागेपुढे करत होता.

"बार्टी!" खालून निनियननं हाक दिली. "सिमनं निरोप पाठवलाय. एकट्याला करमत नाही म्हणतो."

"करमेल कसं? जिवंतपणीही त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं!" बार्टीनं ओरडून सांगितलं आणि फटीतून पिस्तूल झाडलं. निनियनच्या शेजारचा स्वार घोड्यावरून मागे कलंडला.

मग एकच हलकल्लोळ झाला. हार्डरिगांनी दारावर ओंडका घातला. पहिल्या तीन धक्क्यांना दार हललं नाही. आर्ची छपरावर चढून दगड टाकत होता. एक दगड नेमका एकाच्या लोखंडी टोपावर बसला आणि टोप मानेपर्यंत आत गेला. सिबनं पेजेचं पातेलं उचलून छपरावर नेलं आणि कडेवरून ओतलं. खाली कुणीतरी किंचाळत तोंड ओरबाडू लागला.

"वहिनी, मीठ घातलं होतंस का गं?" आर्चीनं विचारलं. त्याही वेळी मॅलीला हसू फुटलं, आणि हसता हसता तिला रडू आवरेना.

पण दारापाशी त्यांनी ओला पेंढा रचून पेटवला. धूर खालच्या फळ्यांतून वर येऊ लागला. खाली गुरं एकमेकांना तुडवत हंबरत होती, दावी तोडत होती. मॅली जमिनीला तोंड लावून खोकत होती. बार्टीनं एकदा तिच्या पोटाकडं पाहिलं आणि शिडी खाली सोडली.

"मी दार उघडतो. गुरं आधी बाहेर उधळतील. त्या गोंधळात तुम्ही मॅलीला घेऊन मागच्या टेकडीकडं पळा."

"आणि तुम्ही?" सिब म्हणाली.

"मी जरा निनियनला भेटून येतो."

दार उघडलं. चौदा गुरं धुरातून वेडीपिशी होऊन बाहेर पडली आणि दोन घोडे पाडून गेली. त्यांच्यामागून बार्टी. त्यानं एकाचा हात कोपरातून तोडला, दुसऱ्याच्या मांडीत तलवार घातली. पण निनियनचा भाला त्याच्या बगलेतून शिरला आणि छातीतून बाहेर आला. बार्टी गुडघ्यांवर आला, तरी भाल्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून निनियनच्या दिशेनं पुढं सरकत राहिला. निनियननं भाला सोडून दिला, कुऱ्हाड काढली आणि तीन घाव घातले. पहिल्या घावातच काम झालं होतं.

टेकडीपर्यंत कुणीच पोचलं नाही.

जिवंत सापडले ते एकतीस जण. त्यांना दावणीला बांधावं तसं एका दोरात बांधून हॅल्टबी गावात आणलं. देवळापुढं मोठं ॲशचं झाड होतं. त्याखाली पेलचा कारकून पिंपावर वही ठेवून बसला होता. पेल दक्षिणेकडचा, तोंड पाडून बोलणारा माणूस. त्यानं हुकूम वाचून दाखवला. स्किरहोप नावाची जात राजाच्या राज्यातून संपवायची. त्या नावाचा सोळा वर्षांवरचा प्रत्येक पुरुष फासावर; बायका आणि पोरं आयर्लंडच्या जहाजावर. ज्याचं नाव वेगळं असेल, त्यानं सांगून चालू लागावं.

"जो तो वेगळंच सांगेल की," निनियन कुरकुरला.

"सांगू दे," पेल म्हणाला. "मला नाव संपवायचंय. त्यांनी स्वतः टाकलं तर माझा दोर वाचेल."

रांगेतला पहिला नकट्या आर्ची.

"नाव?"

"आर्ची स्किरहोप. आणि नाक नाही तेही लिहून ठेव. तिकडं दुसऱ्याच कुणाचं नाक मला चिकटवतील."

लोक हसले. हसणं विरायच्या आत आर्ची झाडाला लोंबकळत होता. त्याचं वजन कमी, जीव लवकर जाईना. शेवटी एका शिपायानं त्याचे पाय धरून खाली ओढलं.

सिबच्या पुढं गॉवेन होता. ती त्याच्या कानाशी लागली. "टेलफर सांग. आजीचं नाव आहे, खोटं नाही. बाळा, टेलफर म्हण."

"आणि मग आर्चीकाकाच्या पायाखालून चालत जाऊ?"

"जा की! तो काही खाली बघायचा नाही आता. पोटातल्या लेकराला बाप पाहिजे रे."

गॉवेननं मागं वळून मॅलीकडं पाहिलं. सिबला वाटलं, ऐकणार हा. कारकुनानं नाव विचारलं. तेवढ्यात निनियन पुढं झाला. "बोल की, बार्टीच्या पोरा. बापाला तोंड उघडायला वेळ मिळाला नाही, तुला मिळतोय."

"स्किरहोप," गॉवेन म्हणाला. "गॉवेन स्किरहोप. बार्टीचा मुलगा."

त्याला चढवताना सिबनं डोळे मिटले नाहीत. तिला वाटलं, आपण पाहत राहिलो तर तो एकटा पडणार नाही. दोर आवळला, पाय दोनदा हवेत चालल्यासारखे झाले, आणि एक जोडा निसटून खाली पडला. तो गेल्याच हिवाळ्यात तिनं शिवला होता.

"नाव?" कारकून आता तिला विचारत होता.

आयर्लंडच्या जहाजावर मॅली टिकली नसती. सिब म्हणाली, "टेलफर. सिब टेलफर. आणि ही माझी भाची, मॅली टेलफर."

निनियननं तिला ओळखलं. वीस वर्षं बाजारात पाहिलेली बाई. तो जवळ आला, तिच्या तोंडाकडं वाकून पाहिलं, आणि मोठ्यानं हसला. "लिही, लिही! बार्टीची बायको आजपासून टेलफर. नवरा मेला, पोरगा वर टांगलाय, आणि बाई म्हणते, माझे कुणी नव्हेत!"

त्या दिवशी तेरा पुरुष मेले. दोघांनी दुसरं नाव सांगितलं. ते पूर्वेला न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींकडं निघून गेले. नऊ बायका आणि पाच पोरं जहाजाकडं नेली. सिब आणि मॅली दक्षिणेच्या वाटेला लागल्या. मॅलीनं गॉवेनचा तो जोडा उचलून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दलदलीतून जाणाऱ्या वाटेवर, मागून टापा वाजल्या. निनियन एकटाच होता. रात्रभर प्यालेला, पण घोड्यावर ताठ.

"झोप लागली नाही," तो म्हणाला. "नाव तर संपलं. पण हिच्या पोटात काय आहे?"

"मुलगी असेल," सिब म्हणाली.

"असेल. बघूनच जातो." त्यानं सुरा काढला.

सिब चिखलात गुडघे टेकून रडू लागली. रडणं खरंच होतं, त्याला ढोंगाची गरज नव्हती. रडत रडत ती घोड्याच्या पायांपर्यंत सरकली, लगाम धरला, आणि सगळा भार टाकून त्याला वाटेबाहेर खेचलं. घोड्याचे पुढचे पाय हिरव्या शेवाळात गेले, तसा तो घाबरून उसळला. निनियन त्याच्या डोक्यावरून दलदलीत पडला. अंगावर लोखंडी पत्रे शिवलेली बंडी. ती पाणी प्यायली तशी जड झाली. तो उठू लागला, तेव्हा सिबनं त्याच्या पाठीवर उडी टाकली आणि मुंडी खाली दाबली. त्यानं मागं सुरा फिरवला. तिच्या मांडीत घुसला. तिनं हात सोडला नाही. पण तो गडी माणूस, तिच्यासकट वर येत होता.

"मॅली!" ती ओरडली. "बस! याच्यावर बस!"

मॅली आली. सहा महिन्यांचं पोट सांभाळत ती त्याच्या खांद्यांवर बसली, जशी बाई दूध काढायला तिवईवर बसते. बुडबुडे बराच वेळ येत राहिले. सिबला त्याच्या कानात आपलं नाव सांगायचं होतं, पण तिला दम उरला नव्हता. आणि कान पाण्याखाली होते.

सुरा आणि घोडा त्यांनी घेतला. वाट बदलून त्या पूर्वेला न्यूकॅसलला गेल्या, घोडा देऊन कोळशाच्या गलबतावर जागा मिळवली आणि लिंकनशायरच्या पाणथळ मुलखात उतरल्या. वेतासारखं गवत, चिखल, हिवताप. पण तिथं उत्तरेचे हुकूम कुणी वाचत नव्हतं. ऑगस्टात मॅलीला मुलगा झाला.

बारशाच्या दिवशी पाद्र्यानं बापाचं नाव विचारलं. मॅलीनं सिबकडं पाहिलं. टेलफर म्हणणं सोपं होतं. दलदलीतलं निनियनचं प्रेत कुणाला सापडलं असेल, तर शोध टेलफरांचा नव्हे, स्किरहोपांचाच होणार होता.

"गॉवेन स्किरहोप," सिब म्हणाली. तिचा आवाज देवळात नको इतका मोठा झाला.

पाद्र्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "स्केरप."

"स्किरहोप!"

"तेच म्हणालो मी. स्केरप."

"तेच कसं? तुमच्या कानात काय चिखल गेलाय?"

"बाई, शाई वाळली," पाद्री म्हणाला.

तिच्या उतारवयापर्यंत त्या गावात स्केरपांची तीन घरं झाली. न्यूकॅसलच्या खाणीत गेलेल्या दोघांनी काही वर्षांनी आपलं नाव परत घेतलं; तिकडच्या बोलीत ते स्किरप झालं. आयर्लंडला गेलेल्यांचं काहीच कळलं नाही. पहिली काही वर्षं स्केरप म्हटलं की सिब ओ देत नसे. पुढं द्यायला लागली.

एकदा गलबतावरचा एक नावाडी दारात आला. मधे एक हंगाम तो त्या खोऱ्यात मेंढ्या हाकायला गेला होता. म्हणाला, घरांच्या भिंती उभ्या आहेत, छप्परं नाहीत. हार्डरिगांची मेंढरं चरतात. त्या नावाचं तिथं कुणी नाही.

"ओढा?" सिबनं विचारलं.

"ओढ्याचं काय?"

"नितळ आहे का?"

नावाड्याला आठवेना. मेंढ्या उतरवल्यावर कुठला ओढा नितळ राहतो, तो म्हणाला. तिनं मान हलवली, हातातली वाम, सापासारखी लांब मासळी, खिळ्याला अडकवली, मानेभोवती सुरी फिरवली आणि एका झटक्यात कातडं खाली ओढलं. वाम अजून वळवळत होती.