जेवा नाई, जावा

वामनराव गुरुजींच्या जबड्याला तार बांधून बावीस दिवस झाले होते, आणि पावडरीच्या शेवटच्या डब्यात तीनच चमचे उरले होते.

जूनअखेरीस शाळेच्या वाटेवर सायकल घसरली, हनुवटी दगडावर आपटली आणि जबडा मोडला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना शिवून टाकले. सहा आठवडे घास नाही. जेवणाऐवजी ही ताकदीची पावडर पाण्यात कालवून दिवसातून पाच वेळा दातांच्या फटीतून ओढून घ्यायची. सोबत एक छोटी पक्कड दिली. "ओकारी आलीच तर तार कापा, नाहीतर जीव गुदमरेल," डॉक्टर गुरुजींच्या बायकोला, अंजनाबाईंना म्हणाले. "एरवी हात लावू नका. हाड वाकडं जुळलं तर बोलणं कायमचं बोबडं होईल."

बोलणं हीच गुरुजींची शेती. भामरागडच्या शाळेत पाढे त्यांच्या आवाजामागून चालत, जशी तळ्याकाठी म्हशीमागून बगळ्यांची ओळ चालते. पौर्णिमेला चार-पाच घरं जमत, तेव्हा बुद्धवंदनाही त्यांच्याच गळ्यातून निघे. त्या आवाजासाठी अंजनाबाईंनी पक्कड दाराच्या खिळ्याला उंच लटकवून ठेवली होती.

गुरुजी आता पाटीवर लिहून बोलत. गावात मात्र भलतंच पसरलं होतं. दुकानदार अयूबभाईंनी हसत हसत सांगितलं, "भाभी, लोक म्हणून राह्यले, गुरुजी चंद्रपूरहून आल्यापासून पाच टाइम पेते."

"खरंच पेते," अंजनाबाई म्हणाल्या. "आनि आता तेही सरून राह्यलं. डबा कधी येईन, भाऊ?"

अयूबभाईंचं हसू मावळलं. "पर्लकोटा नदीचं पाणी पाहिलं ना तुमी? नाव बंद हाये. सुटली की पहिला डबा तुमचाच."

पाणी उतरलं नाही. तीन चमचेही संपले. अंजनाबाई भाताची पेज फडक्यातून गाळून देऊ लागल्या. पण गाळलेल्या पेजेत राहतं काय? कढत पाणी आणि भाताची आठवण. चार दिवसांत गुरुजींचे डोळे खोल गेले. सदरा खांद्यावरून घसरू लागला. धानाच्या मुलखातला माणूस तो. बाकी काहीही पोटात गेलं, तरी भात पडल्याशिवाय जेवलो म्हणत नसे.

पाचव्या सकाळी त्यांनी पाटी पुढं केली. 'तार काप. भात दे.'

अंजनाबाईंनी तळहातानं अक्षरं पुसली. गुरुजींनी तीच अक्षरं पुन्हा लिहिली, अधिक मोठी. मग स्वतःच उठले, भिंतीला धरत दारापाशी गेले आणि पक्कड काढून घेतली.

"अवो, अजून दोन हप्ते हायेत. वाकडं जुळलं तर पोराईले काय शिकवसान?"

'जगलो तर शिकवीन,' पाटी म्हणाली.

तेवढ्यात कुडाच्या पलीकडची जुरी दारात आली. तिची पोर मैनी गुरुजींच्या शाळेत दुसरीत होती. जुरीच्या खांद्याला दुधीभोपळ्याचा वाळवलेला तुंबा लटकत होता. तो पुढं करून ती म्हणाली, "गुरुजी, जावा."

अंजनाबाईंना ते 'जेवा' ऐकू आलं, आणि इतक्या दिवसांचा दाबलेला राग वर आला. "काऊन चिडवतं व बाई? जेवाले येत असतं तर हे असे पक्कड घेऊन बसले असते का?"

जुरी गोंधळली. मग तिनं तुंबा हलवून दाखवला. आत काहीतरी डुचमळलं. "जेवा नाई, बाई. जावा."

पानाच्या द्रोणात तिनं धार सोडली. पातळ पेज, राखेच्या रंगाची, आंबूस वासाची. "कोसरी, आमचं बारीक धान्य. दळली, शिजवली, आंबवली. वरून चारोळी वाटून घातली, गुरुजीसाठी." तिची मराठी अडखळत होती, पण अडत नव्हती. "माझ्या सासऱ्याले एक दात नाई. चार बरसं हेच पिऊन राह्यला. परवा मोहाच्या झाडावर चढला."

"अन् मंग?"

"उतरता येईना. आमी उतरवला."

अंजनाबाईंना हसू फुटलं. गुरुजी मात्र हसले नाहीत. पक्कड मांडीवर ठेवून त्यांनी घाईनं पाटीवर काही लिहिलं. अंजनाबाईंनी वाचून दाखवलं. "विचारते, पोरं सकाळी हेच सांगते का?"

"हो," जुरी म्हणाली. "गुरुजी विचारते, जेवलात का. पोरं सांगते, जावा. गुरुजी म्हनते, जावा नाई, जेवलो म्हना. दोन बरसं झाले. मैनी घरी येऊन सांगते, गुरुजीले आपली बोली येत नाई, पर हळूहळू शिकून राह्यले."

गुरुजींच्या नाकातून घर्र असा आवाज आला. अंजनाबाई घाबरून पक्कडीकडे धावल्या. पण ती ओकारी नव्हती. बांधल्या दातांनी माणूस हसतो, ते तसं असतं. दोन वर्षं ज्यांचं व्याकरण सुधारलं, त्या पोरांनी रोज बरोबरच उत्तर दिलं होतं.

त्यांनी द्रोण ओठांना लावला. दातांच्या फटीतून कोसरी सुळसुळत आत गेली. तीन द्रोण झाल्यावर त्यांनी स्वतःच पक्कड पुन्हा खिळ्याला लटकवली.

त्यानंतर अंजनाबाई जुरीच्या जात्यावर बसू लागल्या. खुंट्याला दोघींचे हात, आणि ओवी अंजनाबाईंची:

कोसरीचं पीठ बाई, पडे जात्याच्या भवती,
नाव अडली पाण्यानं, शेजारीन नाई अडती.

जुरीला अर्धे शब्द कळत, ताल पुरता कळे. आठवड्यानं नाव सुटली, अयूबभाई डबा घेऊन आले. गुरुजींनी तोही घेतला. सकाळी डबा, दुपारी तुंबा.

सहा आठवड्यांनी चंद्रपुरात डॉक्टरांनी तार काढली. हाड सरळ जुळलं होतं. "बोला गुरुजी," ते म्हणाले. वरच्या-खालच्या दातांमध्ये जेमतेम बोट जाईल एवढंच तोंड उघडलं. तरी शब्द स्वच्छ आला: "बे एके बे." अंजनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. जबडा मोकळा व्हायला वेळ लागेल, रोज मोठा 'आ' करत जा, असं डॉक्टरांनी बजावलं.

सोमवारी गुरुजी वर्गात उभे राहिले. "जेवलात का?"

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग शिकवल्याप्रमाणे एका सुरात म्हणाली, "जेवलो."

"नाही," गुरुजी म्हणाले. "जे प्यायलात ते सांगा. काय प्यायलात? जेवा."

तोंड पुरतं उघडतच नव्हतं. 'जा' म्हणायला जावं तर 'जे' होई. वर्गात खसखस पिकली. मैनी उठून उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून, अगदी त्यांच्याच थाटात, ती म्हणाली, "जेवा नाई, गुरुजी. जावा म्हना. आ मोठा करा."

गुरुजींनी आ मोठा केला. तिच्यामागून सगळा वर्ग म्हणू लागला, आणि वर्गामागून गुरुजी.