मैनुद्दीनचे भाडेकरू

मैनुद्दीन सुतार गेला त्याला महिना होऊन गेला, तरी त्याची पोर अजून रडली नव्हती. "पोरीला रडवा, नाहीतर दुःख आत धरून बसेल," असं हडपसरच्या त्या वस्तीतली येईल ती बाई त्याच्या बायकोला, खातूनला, सांगून जायची. कसं रडवायचं ते मात्र एकीलाही ठाऊक नव्हतं.

जिनत शाळेतून आली की दप्तर टाकून थेट गॅलरीत जायची. तिथे कठड्याला बापाने केलेला लाकडी ठोकळा टांगला होता. शाळेत पूर्णिमाबाईंनी मुलांना किड्यांसाठी घरं करायला सांगितली होती. बाकीच्यांनी खोक्यांत पालापाचोळा कोंबून काम उरकलं. मैनुद्दीनला असलं कच्चं काम कुठलं चालायला! साइटवर उरलेला सागवानाचा तुकडा त्याने आणला, लेकीला शेजारी बसवून त्याला बारीक-मोठी भोकं पाडली आणि एकेका भोकाची कड पॉलिशपेपरने घासली.

"आपण जन्मभर भाड्याच्या खोलीत, आणि किड्यांना सागवान!" खातूनने टोमणा मारला होता. तो नुसता हसला होता. पुढे थोड्याच दिवसांत हिंजवडीला कामावर असताना त्याच्या छातीत कळ आली, आणि घरी आली ती त्याची मय्यतच.

आता चाळिसावा तोंडावर आला होता. खातून इद्दतीत होती, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणून तिने घरातलंच काम उपसलं. पाहुणे येणार म्हणून भांडी झाली, भिंती झाल्या. फडकं घेऊन ती ठोकळ्यापाशी आली आणि पाहते तो काय! कितीतरी भोकांत माती भरली होती.

लाकडात माती म्हणजे वाळवी. सुताराच्या बायकोला हे कुणी शिकवावं लागत नाही. तिने केसातली पिन काढून एक भोक कोरलं, तर आत पांढरी अळी वळवळली. त्याच्या हातचं हे शेवटचं काम, आणि तेही पोखरलं जाणार? तिने हत्यारांच्या पिशवीतून वाळवीचं औषध आणि सिरिंज काढली आणि तो करायचा तसंच भोकाभोकांत औषध सोडलं. सगळी माती कोरून टाकली, ठोकळा पुसून लख्ख केला. किती दिवसांनी तिला जरा बरं वाटलं. त्याचं काहीतरी आपण वाचवलं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी जिनत दारातच थबकली.

"अम्मी, अब्बांचा वास येतोय."

"औषधाचा आहे गं. तुझ्या ठोकळ्याला वाळवी लागली होती. वेळेवर दिसली म्हणून निभावलं."

जिनत धावत गॅलरीत गेली. खातून मागोमाग गेली.

"वाळवी नव्हती ती," जिनत म्हणाली. "कुंभारीण होती. आत अंडी घालून भोक लिंपून जाते."

कुंभारीण माशी भिंतीवर मातीचं घर करते, एवढं खातूनला माहीत होतं. ती लाकडाच्या भोकातही शिरते, हे तिच्या गावीही नव्हतं.

"अब्बा गेले ना, त्या सकाळी पहिलं भोक बुजलेलं दिसलं. अब्बा म्हणाले, आला बघ आपला पहिला भाडेकरू. थंडी सरली की पिल्लं बाहेर येतील. मी कुठेही असलो तरी मला हाक मार."

"मग मला का नाही सांगितलंस, बेटा?"

"तू सारखी रडत होतीस. म्हटलं, पिल्लं आली की तुलाच दाखवीन."

एवढं बोलली आणि पोरीचा बांध फुटला. महिनाभर सगळ्या बायका ज्याची वाट पाहत होत्या ते रडं आलं, आणि खातूनला वाटलं, हे ऐकण्यापेक्षा धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. तिला जवळ घ्यायला ती पुढे झाली, पण हातांना औषधाचा वास येत होता. ती हात मागे घेऊ लागली.

जिनतने ते घट्ट धरले आणि त्यांत तोंड खुपसून "अब्बा, अब्बा" करत रडत राहिली.