फेंगड्या पायांचा शबदार

बीजिंगच्या बादशहाला आम्ही घोडे 'नजर' करतो आणि तो खूश होऊन आम्हाला रेशीम 'बक्षीस' देतो. आमच्या तंबूत याला घोडे विकणं म्हणतात, पण मोठ्या लोकांना साधे शब्द पचत नाहीत.

त्या वर्षी घोडे पारखायला बादशहाचे अंमलदारसाहेब स्वतःच आले. सोबत दुभाषा सासान, आमच्यातलाच कझाक. आणि आमची रीत अशी: पहिल्यांदा घरी आलेल्या पाहुण्याने एखादी गोष्ट नावाजली, की ती त्याची. आणि माझा लाडका घोडा, शबदार, दारातच बांधलेला! त्याची आई मेल्यावर मी त्याला शेळीच्या दुधावर जगवला होता. माझ्या वडिलांना जाऊन वर्ष होईल, त्या जेवणावळीच्या शर्यतीत तोच धावणार होता.

"याला लपवायला काय झालं होतं?" मी नवऱ्यावर खेकसले.

"आता तूच तोंड चालव," बैगारा म्हणाला. "एरवी थांबत नाहीस!"

साहेबांची नजर शबदारवरून हलेना. पण भाव पाडायचा तर आधी जनावराला नावं ठेवायची, ही त्यांची मुरलेली खोड.

"पाय फेंगडे," साहेब म्हणाले आणि सासानने ते आम्हाला सांगितलं. "दात किडके. छाती कोंबडीची. तरी उपकार म्हणून नेतो."

"अगं बाई!" मी गाल बडवून घेतले. "असलं भिकार जनावर बादशहाच्या दारात? आमची मुंडकी उडतील, आणि पसंत करणाऱ्याचं सगळ्यात आधी!"

साहेब लालबुंद झाले. शब्द गिळावेत तर शिपायांपुढे अब्रू जाते. मुकाट्याने त्यांनी दुसरे घोडे घेतले. जाताना घोडीच्या आंबवलेल्या दुधाला तेवढं "झकास" म्हणाले. मी लगेच सगळी गळकी पखाल त्यांच्या खोगिराला बांधली. घ्या, पाहुणे! रेशमी झगा पार भिजला.

"जीभ आहे की सुरी!" बैगारा हसत सुटला.

सासान मात्र मागे रेंगाळला होता. तोही आमच्याकडे पहिल्यांदाच आलाय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने शबदारच्या मानेवरून हात फिरवला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "काय देखणं जनावर आहे हो!"

बैगाराचं हसू थांबलं. मी शबदारच्या कपाळाला नाक टेकवलं, मग दावं सोडून सासानच्या हातात दिलं.

"साहेबाला विकशील तेव्हा," मी म्हणाले, "याचे पाय फेंगडे म्हणू देऊ नकोस त्याला."