आईच्या सोमवारची चौकशी

घरात त्याला 'चौकशी' म्हणत. नाव आईनेच ठेवलेलं. पाणी खालीच का पडतं इथपासून मावशीच्या नवऱ्याला टक्कल का पडलं इथपर्यंत तो लहानपणी दिवसभर विचारत राही, आणि आई शिलाई मशीनवरची मान वर न करता म्हणे, "चौकशीची खिडकी जेवणासाठी बंद आहे." पुढे तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक झाला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. बंद पडलेल्या वस्तूला 'का गं बाई, का थांबलीस?' असं विचारायचे पैसे मिळतात म्हटल्यावर याच्याइतका सुखी माणूस कोण!

वीस वर्षांच्या नोकरीत त्याचं एक मत पक्कं झालं होतं. लिफ्ट उगाच थांबत नाही. दाराच्या फटीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद असतो, नाहीतर कुठलातरी विजेचा कॉन्टॅक्ट झिजलेला असतो. कारण असतंच. सापडलं नाही तर शोधणारा आळशी, एवढाच त्याचा अर्थ.

आणि एका मंगळवारी आई गेली, आणि कारण सापडेना.

वय एकसष्ट. साखर नाही, रक्तदाब नाही, औषध म्हणून घरात फक्त खोकल्याची बाटली आणि तीही मुदत संपलेली. चौथ्या मजल्यावरच्या घरात ती एकटी राहायची आणि पुढच्या खोलीत बसून लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. चेन बदलायची, बाह्या आखूड करायची, आणि कपड्याबरोबर गिऱ्हाइकाचीही थोडी उसवण करायची. त्या मंगळवारी सकाळी दहाला तळमजल्यावरचे मास्तर आपली पँट न्यायला वर गेले. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. ती मशीनवर डोकं टेकून बसली होती. मास्तरांना वाटलं, सुईत दोरा ओवताहेत. ते अदबीने दोन मिनिटं उभे राहिले.

शवविच्छेदन झालं, नमुने तपासायला गेले, आणि दीड महिन्याने अहवाल आला. 'मृत्यूचे कारण : निश्चित करता आले नाही.' त्याने तो इस्पितळाच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या वाचला. मग पान उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. मग तो सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरला.

"निश्चित करता आले नाही म्हणजे कुणाला?"

"मला," बाई म्हणाल्या. पिकल्या केसांच्या, शांत बाई होत्या. "बसा. मी सगळं पाहिलं. हृदय, मेंदू, फुप्फुसं, पोट. कुठेही दोष नाही. कधी कधी हृदयाचा ठोका अचानक भरकटतो आणि थांबतो. मागे खूण राहत नाही. तसंच झालं असावं, पण 'असावं' हा शब्द मला अहवालात लिहिता येत नाही. तुमच्या धंद्यात होतं का असं? बिघाड झाला, पण नंतर उघडून पाहिलं तर सगळं ठाकठीक?"

"होतं," तो नाइलाजाने म्हणाला. "पण आम्ही ते कबूल करत नाही."

बाई हसल्या. "तुम्ही आणि तुमची बहीण, दोघांनी ईसीजी काढून घ्या. असं एखाद्या घराण्यात चालत आलेलं असू शकतं. विसरू नका."

त्याने मान हलवली आणि जिना उतरेपर्यंत विसरलाही. त्याच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. शरीरात काही सापडत नसेल तर आदल्या दिवसात सापडेल. आईचा शेवटचा सोमवार तासातासाने मांडायचा. त्याने खिशातली कामाची वही काढली आणि बसथांब्यावरच तारीख घातली.

पहिले मास्तर. हे शाळेतून निवृत्त झालेले कवायत मास्तर. महिनाभर ते त्याला पाहिलं की घरात पळत होते, म्हणजे संशयाला जागा होतीच. त्याने त्यांना फाटकातच गाठलं.

"मास्तर, सोमवारी आईशी तुमचं काय बोलणं झालं?"

मास्तरांनी शिट्टी ऐकल्यासारखी पाठ ताठ केली. मग एकदम वाकले. "कळलं का तुला? मला वाटलंच होतं कळणार. अरे, माझ्यामुळेच गेल्या त्या."

"म्हणजे?"

"पँट कमरेत सैल करायला दिली होती. तिसऱ्यांदा. त्या म्हणाल्या, मास्तर, कापड संपलं, आता पोट आत घ्या. चार गिऱ्हाइकांसमोर! मला राग आला. मी म्हणालो, बाई, तुमचा हात आता चालत नाही, वय झालं. असं बोललो रे मी. दुसऱ्या दिवशी..." महिनाभरात ते वाळले होते. खरं तर ती पँट आता त्यांना न सैल करताही बसली असती.

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाल्या, हात चालतो की नाही ते धुलाई झाल्यावर सांगा."

चौकशीला हसू यायला लागलं. ते दाबत त्याने वहीत लिहिलं, 'मास्तर : वाद. आई जिंकली.' आणि तो मावशीकडे निघाला.

मावशी आईची धाकटी बहीण. दोघींचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं, आणि रोज एकदा तरी भांडण. दार उघडताच मावशी म्हणाली, "तू हिशेब मागायला आलायस. ये. माझ्या तोंडाचा पट्टा भोवला तिला."

आता हिलाही गुन्हा कबूल करायचा होता! तो मुकाट्याने पाणी प्यायला.

गोष्ट अशी होती. पन्नास-बावन्न वर्षांपूर्वी घरातला मोठा आरसा फुटला होता आणि मार मावशीला बसला होता. मावशी जन्मभर सांगत आली, आरसा थोरल्या बहिणीने फोडला. आई जन्मभर सांगत आली, मांजराने. त्या सोमवारी संध्याकाळी फोनवर आईने सहज, दुधाचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं, "अगं, तो आरसा मीच फोडला होता."

"आणि हसत होती रे! बावन्न वर्षांनी! मी म्हटलं, आता दोन दिवस बोलणार नाही तुझ्याशी, आणि फोन आपटला." मावशीने पदराने डोळे पुसले. "का सांगितलं असेल तिने नेमकं त्याच दिवशी? तिला कळलं होतं का?"

चौकशीने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या 'का'ला उत्तर द्यायचा प्रयत्न केला. "तुझी मजा बघायची असेल, मावशी."

मावशीने विचार केला. "हो," ती म्हणाली, "तशी होतीच ती." मग तिने विचारलं, "मांजर आमच्याकडे नव्हतंच, हे तुला माहीत आहे ना?"

राहिली ताई, त्याची थोरली बहीण. ती दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती, त्यामुळे माणसाने तोंड उघडेपर्यंत वाट बघायची तिला सवय होती. दवाखान्याच्या मागच्या खोलीत ती पक्कडी, चिमटे उकळत्या पाण्यातून काढून फडक्यावर मांडत होती. त्याने वही उघडली. मास्तरांचं सांगितलं, मावशीचं सांगितलं. मग विचारलं, "तू रविवारी तिच्याकडे होतीस. काही दिसलं?"

"दिसलं. बाजारातून आलो, जिना चढत होतो. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली. कठड्याला हात. मी म्हटलं, म्हातारी झालीस गं. ती म्हणाली, म्हातारी नाही, समोरच्या गच्चीवर कोण भांडतंय ते बघतेय. आणि खरंच भांडत होते. मग मीही बघत बसले." ताईने एक चिमटा दोनदा पुसला. "तेव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं का, हे मी दीड महिना स्वतःला विचारतेय. झालं? लिही. आता तुझं सांग."

"माझं काय?"

"जिना का चढत होतो आम्ही, चौकशी?"

त्याने वही मिटली. उकळणाऱ्या भांड्याचं झाकण तेवढं वाजत होतं.

त्या इमारतीची लिफ्ट शनिवारपासून बंद होती. आणि ती इमारत त्याच्याच यादीत होती. सोमवारी दुपारी आईचा फोन आला होता. "अरे, शहरभर लोकांना वर-खाली करतोस, आणि आई जिन्यावर! दिव्याखाली अंधार तो हाच का?" तो तेव्हा एका प्रसूतिगृहात अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभा होता. "उद्या सकाळी पहिलं काम तुझं," तो म्हणाला. आई म्हणाली, "ये. पण गिऱ्हाईक म्हणून आलास तर चहा नाही." मंगळवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन सव्वादहाला पोचला, तेव्हा मास्तर फाटकात उभे होते.

हे सगळं त्याने ताईला सांगितलं. जमिनीकडे बघत, एका दमात. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच.

ताई म्हणाली, "मला माहीत होतं. आईने मलाही फोन केला होता. 'माझा मेकॅनिक उद्या येतोय' म्हणून मिरवत होती." मग तिने हातमोजे काढले आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. "त्या डॉक्टरीणबाईंना विचारलंस हे?"

"नाही."

"सगळ्या जगाला विचारलंस, तेवढं सोडून."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्याने वही उघडलीच नाही. नुसतं विचारलं, "चार मजले चढल्यामुळे झालं का?"

बाईंनी लगेच 'नाही' म्हटलं नाही, आणि ते त्याला बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या आई त्या जिन्याने किती वेळा चढल्या असतील?"

"हजारो वेळा," ताई म्हणाली. "लिफ्ट येण्याआधी अकरा वर्षं रोज."

"त्यांच्या हृदयावर ताण पडल्याची कुठलीही खूण मला दिसली नाही. गेल्या त्या वेळी त्या बसलेल्या होत्या, रात्रभर झोपून उठल्या होत्या. जिन्यामुळे झालं म्हणायला माझ्याकडे काहीही नाही. कशामुळे झालं म्हणायलाही नाही. खोटं सांगून मला तुम्हाला बरं करता येईल, पण तुम्ही परत याल. तुमचा चेहराच तसा आहे." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ईसीजी काढला?"

ताईने भावाकडे पाहिलं. "कुठला ईसीजी?"

पुढचा अर्धा तास त्याची चौकशी झाली, आणि ती ताईने केली. एवढी महत्त्वाची गोष्ट तो दोन दिवस पोटात ठेवून मास्तरांची पँट तपासत फिरत होता, हे तिला व्हरांड्यातल्या सगळ्या पेशंटांना ऐकवायचं होतं. मग त्याच मजल्यावर तिने त्याला ईसीजीच्या खोलीत ढकललं. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "हलू नका, बोलू नका." चौकशीने विचारलं, "बोललं तर काय होतं?" तिथेच पहिला कागद वाया गेला.

दोघांचेही आलेख ठीक निघाले. बाईंनी ते मोजपट्टी लावून पाहिले आणि सांगितलं, आणखी एक-दोन तपासण्या करा, वर्षाने परत या, मध्ये कधी चक्कर आली तर ताबडतोब या. ताईने सगळं लिहून घेतलं, त्याच्यावर भरवसा न ठेवता.

तिथून ती दोघं मावशीकडे गेली, कारण निकाल फोनवर सांगितलेला मावशीला चालला नसता. वाटेत त्याने मास्तरांना फोन लावला. डॉक्टरांनी काय सांगितलं ते शब्दाशब्दाने सांगितलं, आणि शेवटी स्वतःची भर घातली की भांडणाने आई गेली असती तर चाळीस वर्षांपूर्वीच गेली असती. मग मास्तर म्हणाले, "सावकाश जा रे," आणि त्यांनी फोन ठेवला.

मावशीने चहा टाकला आणि आईच्या गोष्टी काढल्या. त्यातल्या निम्म्या ताईने खोडून काढल्या आणि दोघींचं जुंपलं. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ऐकत होता. मध्येच तो रडला, चांगला मोठ्याने. दोघींनी भांडण थांबवलं नाही. फक्त मावशीने बोलता बोलता आपला पदर त्याच्याकडे सरकवला, आणि ताईने त्याच्या कपात अजून थोडा चहा ओतला.