जसंच्या तसं

सुधाकररावांनी कळ दाबली आणि पडद्यावरच्या ओळी पुन्हा पळू लागल्या. थोडा वेळ पळाल्या आणि सकाळी थांबल्या होत्या तिथंच थांबल्या. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. ओळ तीच होती. प्रोग्रामचा एक तुकडा दुसऱ्या तुकड्याची नवी आवृत्ती मागत होता, आणि ती नवी आवृत्ती बसवली की तिसराच तुकडा चालेनासा होत होता.

दुपारपासून अंगात कणकण होती. खुर्चीत बसून बसून पाठ धरते, तसंच असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पलीकडच्या टेबलावर संस्थेच्या टंकलेखिका जयवंताबाई टपालाचे कागद छापून काढत होत्या. तोंड उतरलंय, खोलीवर जाऊन पडा, असं त्यांनी एकदा सुचवून पाहिलं. एवढं झालं की जातो, असं सुधाकरराव म्हणाले. हे वाक्य त्या कचेरीत इतक्यांदा ऐकू यायचं, की जयवंताबाईंनी मान वर न करताच हुंकार दिला.

संस्था तेलंगणातल्या मंचेरियलची. उटनूरच्या बाजूला जंगलातल्या गावांत तिचे दवाखाने होते, आणि तिथल्या जुन्या संगणकांवर एक प्रोग्राम चालायचा. रोग्याचं वय आणि वजन भरलं की हिवतापाच्या गोळ्या किती द्यायच्या, ते तो सांगायचा. संस्थेच्या डॉक्टरांच्या पुतण्यानं तो हॅस्केल नावाच्या भाषेत लिहिला होता. आसपासच्या चार जिल्ह्यांत ती भाषा कुणाला ठाऊक नसावी. पुतण्या प्रोग्राम लिहून परदेशी गेला आणि सांभाळायला उरले सुधाकरराव. सुरुवातीला त्यांना त्या भाषेचं अप्रूप वाटलं होतं. तिच्यात एक गुण होता. एकच प्रश्न कितीदाही विचारा, उत्तर तेच यायचं.

पण भाषा कितीही सरळ असली, तरी तिच्यातून चालता प्रोग्राम घडवायला पंचवीस तुकडे लागायचे, आणि प्रत्येक तुकडा ज्याचा त्याचा बदलत राहायचा. एका पावसाळ्यात उटनूरच्या यंत्रावर कुणीतरी एक नवा तुकडा बसवला आणि अपूर्णांकाचा हिशेब फिरला. एका लहान मुलाच्या चिठ्ठीवर गोळ्यांचा आकडा दुप्पट छापून आला. भागीरथा नर्सनं मुलाकडं पाहिलं, चिठ्ठीकडं पाहिलं आणि डॉक्टरांना बोलावलं, म्हणून निभावलं. ते कळल्यावर सुधाकररावांना कितीतरी दिवस नीट जेवण गेलं नाही.

त्यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला. एकेका तुकड्याची नेमकी आवृत्ती ठरवली, सगळ्या एका खोक्यातल्या तबकड्यांवर घेतल्या, आणि रिकाम्या यंत्रापासून सुरुवात करून सगळं आपोआप घडत जाईल अशी कृती लिहिली. आधीच्या कशाचाही आधार घ्यायचा नाही, बाहेरचं काही मिसळायचं नाही. शेवटी तयार प्रोग्रामची, अंगठ्याच्या ठशासारखी, एक संख्या निघायची. खोक्याच्या झाकणावर लिहिलेल्या संख्येशी ती जुळली, की प्रोग्राम जसाच्या तसा झाला असं समजायचं. आता पुतण्यानं परदेशातून नवी तबकडी धाडली होती. जुनं सगळं कालबाह्य झालंय, हे वापरा, असा निरोप होता. म्हणजे सगळी मांडणी पहिल्यापासून.

पाणी प्यायला म्हणून सुधाकरराव उठले आणि माठापाशी खाली बसले ते बसलेच. जयवंताबाईंनी जीपवाल्या धोंडीबाला हाक मारली.

रक्त तपासलं तर हिवताप निघाला. इतकी वर्षं ज्याचे आकडे मोजले, तो त्यांनाच झाला होता. दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर ते थंडीनं कुडकुडत पडले आणि निरोप जैनथजवळच्या त्यांच्या गावी गेला.

देवकाबाई दुसऱ्या दिवशी आल्या, आदिलाबादला बस बदलून. गावच्या मराठी शाळेत त्या शिकवायच्या. लग्नानंतरची बहुतेक वर्षं दोघांनी अशीच काढली होती, त्या तिकडं आणि हे इकडं. सणावाराला सुधाकरराव यायचे आणि यंत्र अर्ध्यावर सोडून आलोय म्हणत परत फिरायचे.

मागच्या साली सुधाकररावांचे वडील, बापूजी, अंथरुणाला खिळले. थोरले भाऊ वामनराव यांनी किराणा दुकानातून फोन केला, की आता फार दिवस नाहीत, निघून ये. नवं यंत्र आलंय, सगळं घडवणं अर्ध्यावर आहे, माझ्याशिवाय कुणाला जमत नाही, झालं की निघतो, असं उत्तर गेलं. सुधाकरराव पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. वामनराव त्यांच्याशी बोलले नाहीत. भावकीतले लोक मात्र बोलले, आणि तेव्हा ओसरीवर सगळ्यांसमोर देवकाबाईंनी नवऱ्याची बाजू घेतली. त्यांच्या हातात लेकरांची औषधं आहेत, ते मजेखातर राहिले नाहीत, असं त्यांनी एकेकाला सुनावलं. मोठ्या दिरासमोर त्या तेवढ्या मोठ्यानं आधी कधी बोलल्या नव्हत्या.

आता येऊन दोन दिवस झाले होते आणि त्या खाटेजवळ स्टुलावर बसून मोसंबी सोलत होत्या. ताप उतरला होता. सुधाकरराव पुन्हा पुन्हा कचेरीचं विचारत होते आणि त्या, बरे व्हा आधी, एवढंच म्हणत होत्या.

संध्याकाळी जयवंताबाई भेटायला आल्या. त्यांनी देवकाबाईंची चौकशी केली, शाळेचं विचारलं, मग सहज सांगितलं, की सुधाकरराव पडले त्याच रात्री वीज कोसळली आणि कचेरीतल्या यंत्रातली डिस्क जळली. उटनूरचं यंत्रही बंद पडलं. तिकडं तापाचे रोगी रांगा लावून बसलेले.

सुधाकरराव हातावर भार देऊन उठू लागले. सलाईनची नळी ताणली गेली. देवकाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पडून राहा भाऊ," जयवंताबाई म्हणाल्या. "झालं ते. नवी डिस्क आणली, तुमचं खोकं काढलं. एकामागून एक तबकडी घालत गेले. ते परदेशातलं नवं काई घेतलं नाई."

"संख्या?"

"जुळली. झाकणावर आहे तीच. प्रोग्राम धोंडीबा काल उटनूरला देऊनबी आला."

"मधी कुठं अडलं?"

"नाई. मी तेवढ्यात टपाल उरकलं."

सुधाकरराव उशीवर मागं टेकले. ज्याच्यासाठी इतकी वर्षं झिजले, ते घडलं होतं. काही न कळणाऱ्या हातांनी, त्यांच्याशिवाय, जसंच्या तसं. आनंद व्हायला हवा होता. त्यांना फक्त फार थकल्यासारखं वाटलं.

त्यांचा चेहरा पाहून जयवंताबाईंना वाटलं, त्यांना अजून भरवसा नाही. धीर द्यावा म्हणून त्या देवकाबाईंकडं वळल्या.

"मले काई नवं नाई वैनी. मागल्या सालीबी मीच केलं होतं. यंत्र नवं आलं तवा. भाऊ म्हणाले, तुमी बसा, मी हात लावत नाई, पाहू दुसऱ्याच्या हातानं होते का. पयल्याच खेपेला जुळलं. त्याच दिवशी तुमच्या घरून फोन आला, सासरे लई बिमार आहेत म्हून. मी म्हटलं, भाऊ, बरं झालं, आता मोकळे झाले तुमी, निघा. पण हे आपले व्हरांड्यात बाकावर बसून. दुसऱ्या दिवशीबी तिथंच. मले वाटलं, बस नसंल मिळाली."

जयवंताबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. आपण काय बोललो ते त्यांना कळलं नाही, पण काहीतरी बोललो एवढं कळलं. दुकानं बंद व्हायच्या आत बाजारात जायचंय, असं पुटपुटत त्या उठल्या. देवकाबाई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेल्या आणि चांगल्याच उशिरानं परत आल्या.

त्या स्टुलावर बसल्या. अर्धवट सोललेलं मोसंबं उचललं, सालीचा उरलेला तुकडा काढला, पांढरे धागे एकेक करून वेचले. सुधाकरराव भिंतीकडं तोंड करून होते.

"झोपले का?"

"नाही."

"काऊन नाई आले?"

शेजारच्या खाटेवरच्या खाण कामगाराला त्याची बायको तेलुगूत काहीतरी समजावत होती.

"भीती वाटली," सुधाकरराव म्हणाले. "त्यांना तसं पाहायची. उठायचो, बस स्टँडच्या रस्त्याला लागायचो, अन् माघारी यायचो. मग फोनवर तेच सांगितलं, जे नेहमी सांगतो."

"मलेबी भेव वाटत होतं," देवकाबाई म्हणाल्या. "पण मी होते तिथं."

एवढंच बोलून त्यांनी फोडी एका कागदावर मांडल्या. भावकीसमोर घेतलेल्या बाजूबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. तो विषय त्यांनी पुढंही कधी काढला नाही. परिचारिका येऊन नळी नीट करून गेली, ताप बघून गेली. खिडकीबाहेर कोळशाची मालगाडी लांबच लांब जात राहिली. तिचा आवाज विरला तेव्हा सुधाकररावांनी कूस बदलली. जे वर्षभर विचारायचं टाळलं होतं, ते विचारायची ही एकच वेळ आहे, हे त्यांना कळत होतं.

"शेवटी काही बोलले बापूजी?"

देवकाबाईंनी पदराला हात पुसले.

"तुमचंच नाव घेऊन राह्यले होते. सुधाकर आला का, सुधाकर आला का. नजर गेली होती त्यायची. मंग वामनभाऊजी जवळ बसले, हात धरला, अन् म्हणाले, हो बापूजी, आलो मी, सुधाकर." त्या थांबल्या. "मंग निजले ते. पुन्हा इचारलं नाई."

सुधाकरराव वर पंख्याकडं पाहत राहिले. आपल्याशी वर्षभर न बोललेला भाऊ त्यांच्या डोळ्यांपुढं आला, वडिलांच्या उशाशी वाकलेला.

"त्यांना ओळखू आलं नाही?"

देवकाबाईंनी एक फोड त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली.

"आवाज सारखाच आहे तुमचा दोघायचा," त्या म्हणाल्या.